मिलिमीटरभर

मॅक्रो छायाचित्रणात डोळ्यांना जे नीट दिसत असतं, त्यातलं फार थोडं चित्रात नीट उतरतं. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा, म्हणजे एकास एक प्रमाण गाठायचं आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवायचं, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. उड्या मारणाऱ्या बारक्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे त्यात मावतात; पाठ आणि पोट धुक्यात जातं. अ‍ॅपर्चर आणखी बारीक केलं तर जाडी थोडी वाढते, पण उजेड घटतो, आणि एका मर्यादेनंतर विवर्तनामुळे सगळं चित्रच मऊ पडतं. शिवाय एकास एक प्रमाणावर येईपर्यंत सेन्सरला पोचणारा उजेड तसाही साधारण चौथ्या हिश्श्यावर आलेला असतो.

ट्रायपॉड आणि फ्लॅश वापरणाऱ्याला यातून बरीच वाट काढता येते. कॅमेरा हातात धरून, असेल त्या उजेडात काम करायचं ठरवलं की मात्र अडचणी एकमेकींचे हात धरून येतात. शटर वेगवान हवं तर उजेड जास्त हवा. तो मिळवायला अ‍ॅपर्चर उघडावं, तर हातातला मिलिमीटरही निम्मा होतो. आयएसओ वाढवला तर किड्याच्या अंगावरची लव दाण्यांमध्ये विरघळते. हा हिशेब कोणत्याही महागड्या लेन्सने सुटत नाही, आणि म्हणूनच मला तो शिकण्यासारखा वाटला. लेन्सची बाब तर दुय्यमच आहे. पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवली किंवा साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब जोडली, तरी शिकण्यापुरतं सगळं साधतं. खरं शिक्षण वारा, हात आणि उजेड या तिघांकडे असतं. खानदेशात हे तिन्ही गुरू कडक आहेत.

वाऱ्यापासून सुरुवात करू. धुळे जिल्हा वाऱ्याचा. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. लळिंगच्या किल्ल्याच्या परिसरातलं कुरण घ्या, किंवा चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून लामकानीकरांनी पुन्हा गवताखाली आणलेले डोंगर घ्या. पावसाळा सरताना तिथे जीवसृष्टीची रेलचेल असते. टोळ, नाकतोडे, प्रार्थनाकीटक, कोळी, गवताच्या तुऱ्यावर झोपलेली फुलपाखरं. पण ते सगळे गवतावर बसलेले असतात आणि गवत वाऱ्यावर बसलेलं असतं. पातं दोन सेंटिमीटर हललं तर आपल्याला ती झुळूकही वाटत नाही. कॅमेऱ्यापाशी मात्र ते अंतर स्पष्टतेच्या जाडीच्या वीसपट होतं. विषय चौकटीतूनच निघून जातो आणि परत येतो, तो वेगळ्या जागी.

जळगावकडे, विशेषतः रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, चित्र उलटं आहे. केळीला वारा सोसत नाही. पानं फाटतात, घडाच्या वजनाने झाड कलतं. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावण्याची रीत आहे. त्या ओळीच्या आत शिरलं की बाहेर जाणवणारा वारा एकदम मवाळ होतो. शेवरी वारा थांबवत नाही, त्याचा जोर मोडते. आत येतो तो उरलासुरला. बागेत हवा दमट आणि शांत असते, आणि केळफुलाच्या लालजांभळ्या सालीआड माश्यामुंग्यांची वर्दळ चाललेली असते. पण ही शांतता फुकट मिळत नाही. केळीच्या रुंद पानांतून गाळून येणारा उजेड मऊ असतो, तसाच तो हिरवाही असतो. त्यात काढलेली पांढरी पाकळी पांढरी राहत नाही. व्हाइट बॅलन्स तिथेच, त्या सावलीत ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर बेतून घ्यावा लागतो. धुळ्याच्या कुरणात उजेड स्वच्छ मिळतो पण वारा छळतो. केळीच्या बागेत वारा निवतो पण उजेड रंग बदलतो. दोन्ही एका जागी मिळतील अशी शेतं मी शोधत बसलो नाही. एकाची भरपाई दुसऱ्याने कशी करायची, हाच अभ्यास होता.

शेवरीकडे पाहताना लक्षात आलेली गोष्ट हातालाही लागू पडते. नवशिक्याला सगळे सांगतात, हात स्थिर ठेव. जिवंत माणसाचा हात पूर्ण स्थिर राहत नाही. छातीत ठोके पडत असतात, श्वास चालू असतो, आणि उकिडवं बसलेलं शरीर नकळत पुढेमागे झुलत असतं. आजकालच्या लेन्समध्ये आणि कॅमेऱ्यात स्थिरीकरणाची सोय असते. ती डावी-उजवीकडचा कंप बराच पोटात घालते, पण पुढेमागे होणाऱ्या झोल्यापुढे तिचं काही चालत नाही. आणि मॅक्रोत घात करतो तो नेमका हाच झोला.

तो घालवता येत नाही म्हटल्यावर कामाला लावायचा. फोकसची कडी फिरवत राहायची नाही. हवं ते प्रमाण ठरवून ती तिथेच सोडायची आणि ऑटोफोकस बंद करायचा. कोपरं बरगड्यांना टेकवायची, एक गुडघा जमिनीला, जमलं तर दुसऱ्या गुडघ्यावर कोपर. मग अख्खं शरीर सावकाश, दाणाभर पुढे न्यायचं. स्पष्टतेचा पातळ पडदा किड्याच्या अंगावरून सरकताना दिसतो: आधी मिशा उजळतात, मग डोळे, मग डोळ्यांच्या मागची लव. डोळे उजळायच्या किंचित आधी बोट दाबायचं, कारण बोट आणि शटर यांच्यामध्येही थोडा वेळ जातो. श्वास कोंडून धरला तर थोड्याच वेळात हात जास्त थरथरतो. अर्धा सोडून द्यावा आणि त्यानंतरच्या लहानशा विसाव्यात काम उरकावं.

गवतावरच्या विषयासाठी आणखी एक युक्ती आहे. ज्या काडीवर किडा बसलाय, तीच काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत खालच्या बाजूला हलकेच धरायची आणि लेन्स त्याच मुठीवर टेकवायची. आता वारा आला की काडी, किडा, हात, लेन्स सगळे एकदम हलतात. एकमेकांच्या तुलनेत ते जागच्या जागीच असतात. ही युक्ती जमली त्या दिवशी मला स्थैर्य या गोष्टीचा पुनर्विचार करावा लागला. तोवर स्थिर म्हणजे न हलणारं, एवढीच माझी समजूत होती. इथे काहीच थांबलेलं नव्हतं, तरी चित्र स्वच्छ आलं होतं. कारण मी आणि विषय बरोबरीने हलत होतो.

उजेडाबद्दल खानदेशाची एक अट आहे: लवकर या. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी आठनंतर रानात ना माणूस रमतो ना किडा. दुपारचं ऊन डोक्यावरून सरळ खाली पडतं. ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो आणि पोटाखाली काळं भुयार होतं. अगदीच इलाज नसेल तेव्हा विषय आणि सूर्य यांच्यामध्ये पांढरा पंचा धरायचा. ऊन पसरतं, डाग विरतो. हिवाळ्यात मात्र उगवतीनंतरचा तासभर सोन्यासारखा असतो. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. कीटकांचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, त्यामुळे गारठलेला चतुर किंवा फुलपाखरू ऊन अंगावर येईपर्यंत जागचं हलत नाही. काही जण हा गारठा घरी तयार करतात: किडा पकडून फ्रिजमध्ये ठेवायचा, मग फांदीवर मांडायचा, वर फवाऱ्याने दव शिंपडायचं. जे काम थंडी आपणहून करून ठेवते, त्यासाठी एखाद्या जिवाला डबीत कोंडण्याचं मला कधी कारण सापडलं नाही. लवकर उठणं एवढीच त्याची किंमत आहे.

याच दिवसांत हरभऱ्याचं शेत बघावं. हरभऱ्याच्या पानावर आंब असते हे गावाकडच्या पोरांनाही ठाऊक असतं. पान चघळलं की आंबट लागतं, शेतातून चाललं की पाय चुणचुणतात, आणि पहाटे पिकावर स्वच्छ फडकं फिरवून ती गोळा करण्याचीही जुनी पद्धत आहे. साध्या डोळ्यांना ते दवच वाटतं. लेन्समधून पाहिलं तर पानाच्या आणि घाट्याच्या अंगावर बारीक केस दिसतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या टोकाला एकेक थेंब तोललेला असतो. दव हवेतून येतं. हे थेंब झाडाने स्वतः पाझरलेले असतात, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. इथे उजेड मागून घ्यावा लागतो. सूर्य पाठीशी ठेवला तर थेंब पानात हरवतात; सूर्याकडे तोंड करून, लेन्सवर हाताची सावली धरून पाहिलं की एकेक थेंब पेटतो. उजेड आपल्याला हलवता येत नाही, आपण मात्र त्याला वळसा घालू शकतो. हा वळसा कित्येकदा चार पावलांचाच असतो, आणि त्याने चित्र समूळ बदलतं.

या पद्धतीच्या अगदी उलट टोकाचा एक मोठा कलावंत याच खानदेशात, जळगाव जिल्ह्यात होऊन गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केकी मूस (१९१२–१९८९) चाळीसगावचे. इंग्लंडमध्ये छायाचित्रण शिकून ते परतले आणि रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी स्वतःला जणू कोंडून घेतलं; पुढची अनेक दशकं ते क्वचितच घराबाहेर पडले. त्यांच्या एकांताभोवती एक प्रेमकथा गुंफली गेली आहे. ती इथे बाजूला ठेवू. ते ओळखले जातात ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश पाडायचा आणि त्यातून बाहेरच्या विस्तीर्ण जगाचा भास उभा करायचा. बाहेर न जाता त्यांनी बाहेर टेबलावर आणलं. चाळीसगावचं त्यांचं कलादालन पाहताना जाणवतो तो नियंत्रणाचा ध्यास: सावलीची एकही रेघ तिथे चुकून पडलेली नाही.

मी त्यांच्या कामापुढे नतमस्तक आहे, आणि तरी मला त्यांच्या वाटेने जावंसं वाटत नाही. टेबलावर प्रत्येक वस्तू हलवता येते. छायाचित्रकाराने आपल्या जागी बसून राहिलं तरी चालतं. बांधावर याच्या उलट असतं. किडा, पान, वारा, सूर्य यांतलं काहीही माझ्या हातात नसतं. हलवण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मी. मूस यांना मांडणी जुळून येईपर्यंत थांबावं लागत असेल. बांधावरच्याला योग जुळून येईपर्यंत थांबावं लागतं. चिकाटी दोघांनाही लागते, पण एकाची चिकाटी जगाला आकार देते आणि दुसऱ्याची त्याला स्वतःलाच थोडाफार देते.

लहान वस्तू हातात धरून उजेडाकडे पाहण्याची परंपरा तशी कॅमेऱ्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचं मूळ कापडाच्या धंद्यात आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहराचा आन्तोनी फान लेवेनहूक (१६३२–१७२३) हा कापडाचा व्यापारी. विणीतले धागे मोजायला कापडवाले भिंग वापरत. लेवेनहूकने त्याहून कितीतरी ताकदीची चिमुकली भिंगं स्वतः घासली, धातूच्या पट्टीत बसवली, समोर सुईच्या टोकावर वस्तू लावली आणि ते उपकरण डोळ्याशी धरून उजेडाकडे रोखलं. ना स्टँड, ना खास दिवा. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७३ साली छापलेल्या त्याच्या पहिल्या पत्राचे विषय होते बुरशी, मधमाशी आणि ऊ. जिनिंगच्या गावात राहणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटत नाही. चिमटीतला कापूस ओढून ओढून तंतूची लांबी अजमावणारे जाणकार मी लहानपणापासून पाहिलेत. बारकाव्याची ही भूक पोटापाण्यातूनच लागते. कुतूहल मागून येतं आणि पुष्कळदा पुढे निघून जातं.

शेतकऱ्याची नजरही अशीच तयार झालेली असते. कपाशीच्या बांधावर पोटावर पडून कॅमेरा लावलेल्या माणसाला हमखास विचारणा होते, “काय देखी ऱ्हायना रे भाऊ, आठे?” उत्तर ऐकून कुणी हसतं, कुणी शेजारी येऊन बसतं. जो बसतो तो पान उलटं करतो. मी पानाची वरची बाजू पाहत असतो, कारण उजेड तिथे असतो. तो खालची बाजू पाहतो, कारण तुडतुडे, पांढरी माशी, मावा तिथे असतात. पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेलं फूल लांबूनच दाखवून तो म्हणतो, ही डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी आहे. फूल उघडून पाहिलं तर ती असतेच. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रभर कपाशीची दैना केली, तेव्हापासून ही नजर आणखी तीक्ष्ण झाली आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, हा हिशेब त्याला पाठ असतो.

पण त्याच पानाखाली केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली, की ती बुरशी की कीड असा प्रश्न पडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून दाखवली की देठ आणि अंडं वेगवेगळं दिसतं. ही क्रायसोपाची अंडी. यातून निघणारी अळी माव्यावर जगते. मित्रकीटकांची चित्रं कृषी खात्याच्या पत्रकांत असतात. पत्रकातलं चित्र आणि स्वतःच्या शेतातलं, आत्ता या पानामागचं चित्र यांत फरक आहे. त्याने मला पानाची पाठ दाखवली, मी त्याला देठावरचं अंडं दाखवलं. असा सौदा मला बरोबरीचा वाटतो.

चाळीसगावपासून थोड्या अंतरावर, गौताळ्याच्या अभयारण्यात पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापला. शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. या परिसरात फुलांवर लेन्स रोखून बसलं की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण आठवतं. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालती यांच्या सुगंधांत अडकून मधल्यामध्ये फिरत राहिला. तर सगळे भुंगे किती? उत्तर पंधरा. गणिताला तो एक उरलेला भुंगा हवाच असतो. तोच सगळ्यांची संख्या सांगतो. छायाचित्रकाराच्या वाट्याला मात्र बसलेले चौदा येतात. मधल्यामध्ये फिरणाऱ्याच्या मागे नैसर्गिक उजेडात हातातला कॅमेरा घेऊन धावण्यात अर्थ नसतो. हे एकदा स्वीकारलं की कुड्याजवळ शांत बसता येतं.

बसता आलं, की खरा प्रश्न समोर येतो: हातात मिलिमीटरच आहे, तर तो कुठे खर्च करायचा? सवय अशी की डोळ्यांवर. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, कारण डोळे स्पष्ट असले की बाकीचं धूसर असूनही किडा आपल्याकडे पाहतोय असं वाटतं. पण पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारा मखमली लाल मृगाचा किडा घ्या. त्याला आपण किडा म्हणतो, पण आठ पायांचा तो जीव कोळ्यांच्या कुळातला आहे. त्याच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा पाठीवरची मखमल बोलते. रुईच्या पानावर बसलेल्या निळ्या-पिवळ्या टोळाच्या बाबतीत अंगावरचे पट्टे बोलतात, कारण विषारी चीक खाऊन मोठा झालेला तो प्राणी आपला रंग जाहिरातीसारखा मिरवत असतो. कुठला भाग धूसर सोडायचा हे ठरवायला त्या जिवाविषयी काहीतरी ठाऊक असावं लागतं. कॅमेरा एवढं सांगत नाही. तो फक्त अट घालतो की सगळं मिळणार नाही, आणि निवड करायला भाग पाडतो. हल्ली बरीच चित्रं एकावर एक रचून संगणकावर अख्खा किडा स्पष्ट करता येतो. ओळख पटवायला, शास्त्रीय नोंदीला ते मोलाचं आहे. मला मात्र निवड करावी लागणं हे या छंदाचं न्यून वाटत नाही. तिच्यामुळेच एकाच कोळ्याची दोन माणसांनी काढलेली चित्रं वेगळी होतात.

कुणी विचारलं, सुरुवात कशाने करू, तर मी लेन्सचं नाव सांगत नाही. एक बांध निवडावा, घराजवळचा, म्हणजे पहाटे पोचता येईल. त्याची पूर्व कुठे, वारा कुठून येतो, रुई कुठे, गवत कुठे, हे वर्षभर ओळखून घ्यावं. आणि बांध असा निवडावा जिथे फवाऱ्याची धार पोचत नाही. नुकत्याच फवारलेल्या कपाशीत तसंही शिरू नये, आणि शिरलं तरी तिथे स्वच्छ उजेड, निवांत हवा आणि रिकामी पानं एवढंच सापडतं. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवता येतो, हात हलला तर दुसऱ्यांदा टिपता येतं. किडेच नसले तर कॅमेऱ्यात वाढवण्यासारखं दुसरं काही नसतं.